सम मोकळी

चपला घालूनच ये, अंगणात काचा असतात. साल १९६३. जमैका बेटावरचं किंग्स्टन शहर आणि त्यातली ट्रेंचटाउन नावाची वस्ती. देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष उलटलंय. घरं आपल्या चाळीच्या वळणाची : मधे अंगण, चहूबाजूंनी बिऱ्हाडं, स्वयंपाकाची जागा सगळ्यांत मिळून. एकानं गळा काढला की सगळ्यांना ऐकावंच लागतं.

थर्ड स्ट्रीटवरच्या या अंगणात कडेला बस. उभा आहे तो जो हिग्ज. स्वतः गायक, पोरांना फुकट शिकवतो, पण भलता कडक. समोर तिघं. उंच तो पीटर टॉश. त्याला गिटार येते. धाकटा बनी लिव्हिंगस्टन, सोळा वर्षांचा. यानं बांबू, सार्डिन माशांचा मोठा डबा आणि विजेच्या वायरीतल्या तारा जोडून घरीच गिटार बनवली होती. तिसरा बॉब मार्ली. हो, टी-शर्टांवरचा तोच, फक्त अजून जटा नाहीत आणि बेटाबाहेर कुणी ओळखतही नाही. वेल्डिंग शिकायला गेला होता. डोळ्यात लोखंडाचा कण गेला आणि ते सुटलं.

गाणं सुरू होतं. हिग्ज हात वर करतो. पुन्हा. एकाचा सूर दुसऱ्यावर चढतोय. पुन्हा. तुला वाटतं, छान तर झालं! हिग्जला वाटत नाही. पेटी शिकवणाऱ्या बाई आठवल्या ना?

या पोरांचं नाव वेलर्स, म्हणजे आक्रोश करणारे. बारशाला सुचावं असं नाव नाही खरं, पण पाय मात्र थिरकतात. लवकरच ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनमध्ये निर्माता कॉक्सन डॉडसमोर ती उभी राहतील. मागे वाजवायला स्काटलाइट्स, चाल धावती, तिला स्का म्हणतात. गल्लीतल्या भांडखोर पोरांना शांत व्हा म्हणणारं त्यांचं गाणं १९६४ मध्ये जमैकात पहिला नंबर गाठेल.

चल पुढं. १९६८ पर्यंत चाल मंदावते, आणि द मेटल्सच्या एका रेकॉर्डवर 'रेगे' हे नाव झळकतं. १९७१ ला वाटेत सबायना पार्कचं क्रिकेटचं मैदान दिसेल; आपला मडगावचा दिलीप सरदेसाई तिथं २१२ धावा काढतोय. थांबायचं? नको, मग संध्याकाळपर्यंत हलणारच नाहीस.

१९७२. किंग्स्टनचाच एक स्टुडिओ, वेलर्सच्या 'कॅच अ फायर' अल्बमची तयारी. ड्रमवर कार्लटन बॅरेट, बेसवर त्याचा थोरला भाऊ ॲस्टन. आरतीला धरतात तशी टाळी धर. एक, दोन, तीन, चार.

काय झालं? एकवर तुझी टाळी एकटीच वाजली. ड्रम गप्प. कार्लटनचा पाय मोठ्या ड्रमवर पडतो तो थेट तीनवर. दोनला आणि चारला गिटार 'चक्' करते. आपल्याकडे समेला सगळे एकत्र येऊन मान डोलावतात. इथं समच मोकळी सोडलीय. याला वन ड्रॉप म्हणतात.

पुन्हा. हात उचल, पण एकवर आपटू नकोस. धर तसेच हवेत. दोन... आता.