वाळवंटाची वाट आणि तलावाचा बांध

वाळवंट म्हटलें कीं डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या आणि उंटांचा तांडा उभा राहतो. चंद्रपूर जिल्ह्यांतील मोहर्लीचें नांव त्या संदर्भांत ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. ताडोबाच्या सागवानी अरण्याचें हें दार. शेजारीं इरई धरणाचें विस्तीर्ण पाणी. या जिल्ह्यांत वर्षाकाठीं बाराशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मग येथें वाळवंटाची भीति कसली?

परंतु भूमि उजाड होते ती केवळ पाऊस नाहीं म्हणून नव्हे. आलेलें पाणी धरून ठेवण्याची मातीची शक्ति गेली, म्हणजे वाळवंटाची वाट मोकळी होते. झाडी तुटली कीं पावसाचा मारा उघड्या जमिनीवर बसतो, सुपीक थर वाहून जातो आणि खालीं मुरूम राहतो. पाऊस तितकाच, विहीर मात्र चैत्रांतच कोरडी! आफ्रिकेंतील साहेल प्रदेशांत १९६८ नंतर जो दीर्घ दुष्काळ पडला, त्यानें जगाचे डोळे उघडले. १९७७ सालीं नैरोबी येथें संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहांत महाराष्ट्राची सुमारें ४५ टक्के भूमि कमीअधिक निकृष्ट झालेली दाखविली आहे.

चांद्याच्या गोंड राजांनीं हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. हिरशहा राजाच्या नांवानें सांगतात कीं, जो रान मोडून गांव वसवील त्यास त्या गांवाचा अधिकार, आणि जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखालीं भिजणारी जमीन मिळे. अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरांतील एका वस्तीच्या नांवांत तो शब्द आजही जिवंत आहे. पाणी अडविणारा तोच जमिनीचा धनी, एवढें साधें सूत्र! वर झाडी, मध्यें बांध, खालीं धानाचीं शेतें, अशी ही रचना होती. झाडी माती धरून ठेवी, म्हणून तलाव गाळानें भरत नसे. तलाव भरलेला राही, म्हणून धान पिके.

१७५१ सालीं गोंडांचें राज्य नागपूरकर भोसल्यांनीं घेतलें. पुढें इंग्रजी अमलांत तलाव मालगुजारांकडे राहिले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे गेले. मालगुजारींत रयतेची पिळवणूक होती, ती गेली हें इष्टच झालें. परंतु तिच्याबरोबर दर उन्हाळ्यांत गाळ कोणीं काढावा व पाळ कोणीं सावरावी याची बांधिलकीही सैल पडली. पूर्व विदर्भांत आजही हजारों 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत; त्यांतील कित्येक गाळानें उथळ झाले आहेत.

जंगलाचें रक्षण मात्र निराळ्या वाटेनें झालें. ताडोबांत १९३५ सालीं शिकार बंद झाली व १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. वाघासाठीं राखलेलें हें रान मातीही राखतें. इरईच्या पाण्यावर चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र चालतें. तेव्हां उतारावरील झाडी उघडी पडली, तर त्याची झळ केवळ रानांतल्या गांवांस नव्हे, शहरासही लागेल.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें पुन्हां तेंच जुनें सूत्र दिसतें: हक्क ज्याचा, राखण त्याची. वाळवंट सैन्य घेऊन चाल करीत येत नाहीं. बांध फुटतो, गाळ सांचतो, आणि तो माझ्या कामाचा नाहीं असें प्रत्येकजण म्हणतो, तेथून तें आंत शिरतें. गोंड राजांनीं ती फट जमीन देऊन बुजविली होती. आज ती कशानें बुजवावयाची, हें आपणांस ठरवावयाचें आहे. आणि तें तलाव आटण्यापूर्वीं ठरलें पाहिजे.