रुमालांबाहेरचा इतिहास

गेल्या वर्षीं पुण्यांतील आमच्या आत्याबाईंचा जुना वाडा पाडण्याचें ठरलें, तेव्हां माळ्यावरचें सामान उतरविण्याचें काम आमच्याकडे आलें. तांब्यापितळेचीं भांडीं वांटून झालीं, देव्हारा कोणाकडे जावा यावर दोन दिवस वाद झाला, आणि मागें उरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. रद्दीवाला दारांत उभाच होता. पहिले दोन गठ्ठे त्याच्या काट्यावर चढले. ते आम्हींच आपल्या हातांनीं चढविले. तिसऱ्या गठ्ठ्याची सुतळी तुटली आणि कापडी पाठीची एक वही आमच्या पायाशीं येऊन पडली, एवढ्याच कारणानें ती वांचली. "अरे, त्यांत काय पाहतोस? आईचे दुधाचे हिशेब आहेत ते!" असें आत्याबाई जिन्यांतून म्हणाल्या.

हिशेब दुधाचेच होते, यांत संशय नाहीं. पण त्या हिशेबांच्या फटींतून दुसरेंच कांहीं डोकावत होतें. मांजर व्यालें म्हणून पावशेर दूध अधिक घेतलें. शेजारच्या बिऱ्हाडास साखरेची वाटी उसनी दिली. धाकट्याला गोवर आला म्हणून चैत्रगौरीचें हळदीकुंकू राहिलें. आणि १९३६ सालच्या एका पानावर, दूधवाल्याच्या नांवाखालीं, पंढरपूरच्या प्रवासाची आठदहा ओळींची हकीकत होती. मोठ्या गाडीनें कुर्डुवाडीस उतरेपर्यंत पुढची छोटी गाडी निघून गेली होती. बार्शी लाइट रेल्वेचा तो अरुंद रूळ कुर्डुवाडीहून पंढरपुरास १९०६ पासून जात असे; आज तेथें मोठ्या गाडीचा रूळ आहे. गाडी चुकल्यामुळें दोघी बायका व तीन मुलें यांनीं रात्र फलाटावर काढली, भाकरींचें गांठोडें कुत्र्यानें पळविलें, आणि शेजारीणबाईंनीं मुलांकरितां लपवून आणलेला चिवडा सर्वांनीं मिळून खाल्ला. पांडुरंगाच्या दर्शनाविषयीं अर्धी ओळ आहे. कुत्र्याविषयीं तीन आहेत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या रद्दीवाल्याच्या दुकानीं गेलों. दोन्ही गठ्ठे पुढें रवाना झाले होते.

ज्या मनुष्यानें आयुष्यांतलीं कांहीं वर्षें इतिहासाचीं पुस्तकें वाचण्यांत घालविलीं, त्याच्या हातून असें व्हावें याचें वैषम्य आम्हांस अजून वाटतें. मराठी इतिहाससंशोधनाचा पायाच मुळीं अशा माळ्यांवर रचला गेला आहे. राजवाडे गांवोगांव हिंडले ते माळे आणि कोनाडे धुंडाळण्यासाठींच. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, त्यांतलीं पानिपतच्या काळचीं पत्रें अशाच खाजगी घरांतून बाहेर पडलीं. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें आणि माळ्यावरचे रुमाल एका छपराखालीं येऊं लागले. हें सर्व आम्ही जाणून होतों. तरी दुधाचा हिशेब म्हणतांच आमचा हात काट्याकडे गेला.

याचें कारण शोधूं लागल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. आमच्या घरांनीं कागद राखले, पण कोणते? ज्यांवर वतन, इनाम किंवा घेणें अवलंबून होतें ते. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कमिशनचे अधिकारी दक्षिणेंतील इनामांचे पुरावे तपासूं लागले, तेव्हां पणजोबाची सनद ही अन्नाची सनद ठरली. ती पेटींत राहिली, पेटीला कुलूप राहिलें. मांजराच्या दुधावर कोणाचा हक्क लागत नव्हता. उसन्या साखरेचा दावा कोणत्याहि न्यायाधीशापुढें चालणार नव्हता. म्हणून त्या कागदांना पेटी मिळाली नाहीं. त्यांतून ते कागद बहुधा बायकांचे, आणि बायकांनीं लिहावें हेंच जेथें पुष्कळ काळ संमत नव्हतें, तेथें लिहिलेलें राखावें असें कोणास सुचणार? इतिहास राजकारणाचाच झाला याचा दोष आपण इतिहासकारांना देतों. त्याचा अर्धा वांटा कुलपांचा आहे.

राजाच्या घरची गोष्ट अर्थातच निराळी. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या नांवाचा कुत्रा होता. त्यानें शिकारींत वाघापासून धन्याचा जीव वांचविला असें सांगतात. त्या उपकारास स्मरून महाराजांनीं त्याला जरीचीं वस्त्रें व दागिने घालून दरबारांत आणलें, त्याला पालखी दिली. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत या कुत्र्याची हकीकत नमूद केली आहे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधि दाखवितात. ग्रँट डफ ही गोष्ट महाराजांच्या वेडसरपणाचा नमुना म्हणून सांगतो, आणि पुढच्या कांहीं लेखकांनींहि तोच सूर धरला. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याचें बालपण व तारुण्य मोंगलांच्या छावणींत बंदिवासांत गेलें, ज्याला १७०७ सालीं सुटून आल्याबरोबर आपल्याच चुलतीशीं राज्यासाठीं लढावें लागलें, त्याला निष्ठेची पारख कुत्र्यांत झाली असेल तर तें वेड म्हणावें काय? पण सामान्य घरच्या कुत्र्याचें काय झालें, हें जाणण्यास साधन नाहीं. कुत्र्याला इतिहासांत शिरावयाचें तर धनी छत्रपति असावा लागतो, अथवा त्यानें कुर्डुवाडीस भाकरीचें गांठोडें तरी पळवावें.

साधन अगदींच नाहीं असें मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकांतील घर व प्रवास यांविषयीं तीन पुस्तकें आमच्या भाषेंत अशीं आहेत कीं, तीं नसतीं तर त्या शतकाचा चेहराच आपणांस दिसला नसता. तिन्ही उतारवयांत, आठवणीवर विसंबून लिहिलेलीं आहेत, आणि तिहींपैकीं एकाहि लेखकाचा धंदा लेखनाचा नव्हता.

पहिलें विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास'. वरसई हें कोंकणांत पेणजवळचें गांव. घरावर कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, अशी बातमी लागली. आणि काका-पुतणे १८५७ सालीं पायीं उत्तरेकडे निघाले. या सालांत हिंदुस्थानांत काय होणार आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती, आणि तीच या पुस्तकाची थोरवी आहे. महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागली; परत फिरावें कीं पुढें जावें याचा विचार त्या दोघांनीं केला तो राज्यक्रांतीचा विचार नव्हता, कर्जाचा होता. रिकाम्या हातानें घरीं जाणार कसें? म्हणून ते पुढें गेले, आणि १८५८ च्या वसंतांत सर ह्यू रोजच्या तोफा झांशीवर चालूं लागल्या तेव्हां विष्णुभट झांशींतच होते.

झांशीच्या वेढ्यावर इंग्रज सेनाधिकाऱ्यांनीं लिहिलेलें पुष्कळ आहे. त्यांत तोफांची संख्या मिळते, पलटणींचीं नांवें मिळतात. परंतु राणीचा दिवस कसा उगवे, तिचा पोषाख कसा असे, घोड्याची परीक्षा करण्यांत तिचा हात धरणारे त्या काळीं किती थोडे होते, हें सांगणारा मनुष्य तिच्या वाड्यांत जाऊन जेवलेला असावा लागतो. भिक्षुकाला वाड्यांत जेवण्याखेरीज दुसरें काय काम? तोच त्याचा अधिकार, आणि तोच इतिहासाचा लाभ. शहर पडल्यावरची लूट व कत्तलहि तो घरांच्या आंतून सांगतो. कोणत्या गल्लीवर कोणता अंमलदार होता तें त्याला माहीत नाहीं, पण दार फुटतांना आंतल्या माणसांची काय अवस्था होते हें माहीत आहे.

मिळविलेली दक्षिणा लुटींत गेली. परततांना मात्र विष्णुभटांनीं आईबापांसाठीं गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणली. कर्ज फेडण्यास गेलेला मुलगा पाणी घेऊन आला, असें कोणी हिशेबी मनुष्य म्हणेल. त्या घरांत त्या पाण्याचें मोल काय झालें असेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

हा मजकूर लिहवून घेतला चिंतामणराव वैद्य यांनीं. लिहून झाल्यावर सुमारें दोन तपें तो पडून होता. १९०७ सालीं वैद्यांनीं तो छापला, पण भाषा व मजकूर यांत पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुढें मंडळाच्या संग्रहीं आलें आणि दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं तें जसेंच्या तसें प्रसिद्ध केलें. म्हणजे गोडसे भटजींचा खरा आवाज ऐकूं यावयास त्यांच्या प्रवासानंतर शंभरांवर वर्षें लागलीं. आम्ही दोन्ही प्रती शेजारीं ठेवून वाचल्या आहेत. वैद्यांची प्रत सुबक आहे. पोतदारांच्या प्रतींत मनुष्य आहे. वैद्यांविषयीं आम्हांस आदर आहे, त्यांच्यावांचून हें पुस्तकच नसतें, तरी हें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

दुसरें पुस्तक रमाबाई रानडे यांचें, 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी', १९१० सालचें. अकराव्या वर्षीं, १८७३ सालीं, विवाह; नवऱ्यानें लावलेलें शिक्षण, आणि त्यापायीं घरांतल्या वडील बायकांचा अबोला व टोमणे. महादेव गोविंद रानडे यांचे ग्रंथ व भाषणें छापील आहेत, पण ते कलकत्त्यास असतांना दाढी करणाऱ्या न्हाव्याकडून बंगाली वाचनांतले उच्चार सुधारून घेत, हें त्यांच्या कोणत्याहि भाषणांत नाहीं. एवढ्या एका गोष्टींत त्या पुरुषाची विद्येची भूक आणि त्याची निरहंकारिता हीं दोन्हीं कळतात. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरणहि असेंच. ग्रामण्याचा इतिहास सांगणारा पक्ष, प्रतिपक्ष व शंकराचार्यांचें कमिशन सांगतो. परंतु चहाचा पेला हा मुळांत घरांतला प्रश्न होता. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, माहेरच्या माणसांना येणेंजाणें अवघड होई, शेजारपाजार दारावरून तोंड फिरवून जाई. रानड्यांनीं १८९२ सालीं स्नेह्यांसाठीं प्रायश्चित्त घेतलें, त्यावर वर्तमानपत्रांनीं तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवसांत पत्नीच्या मनाला काय झालें हें रमाबाईंच्या पुस्तकांत आहे.

तिसरें लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून तीं भागाभागानें निघालीं. ज्या १८५७ च्या वावटळींत गोडसे भटजी सांपडले, तीच वावटळ येथें दुसऱ्याच दारानें आंत येते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांस बंडाच्या प्रकरणांत फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें त्यांच्या जांवयास, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांस, सोंवळ्याचें वेड लागलें. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाचा नाहीं. मुलांनीं जपून चालावयाचें, जपून शिवावयाचें. त्या घरांत १८६८ सालीं जन्मलेली मुलगी हें सर्व हंसत हंसत सांगते, आणि वाचणाराहि हंसतो. मग एकदम त्याच्या ध्यानांत येतें कीं, दहाबारा वर्षांमागच्या एका फांशीची छाया नाशिकाजवळच्या जलालपुरांत धान्याच्या पाटीवर पडली आहे. बंडाचा शेवट केव्हां झाला, असें परीक्षेंत विचारतात. जलालपुरापुरतें तरी त्याचें उत्तर क्रमिक पुस्तकांतल्या तारखेशीं जुळणार नाहीं.

आत्याबाईंच्या आईची वही या तिघांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. तींत झांशी नाहीं, न्यायमूर्ति नाहींत. लिहिणारीला आपण कांहीं लिहीत आहों याचीहि जाणीव नसावी. पण गोडसे भटजीहि दक्षिणेसाठींच निघाले होते. त्या दोन गठ्ठ्यांत काय होतें तें आतां कधींच कळावयाचें नाहीं. एकाच्या कडेला बाळबोध अक्षरांत कांहीं लिहिलेलें आम्हीं पाहिलें होतें, आणि वाचावयास थांबलों नव्हतों.

वही सध्यां आमच्या मेजावर आहे. पानें ठिसूळ झालीं आहेत, म्हणून दररोज रात्रीं दोन पानें उतरून काढतों. आत्याबाई शेजारीं बसून नांवें सांगतात, कोणतें बिऱ्हाड कोणत्या मजल्यावर होतें तें सांगतात. प्रथम त्यांना या उद्योगाचें हंसूं येई, आतां आम्हांस उशीर झाला तर त्याच वही काढून ठेवतात. १९३७ च्या श्रावणापर्यंत आम्ही आलों आहों. मांजर पुन्हां व्यालें आहे. साखरेची वाटी परत आल्याची नोंद अद्याप सांपडलेली नाहीं. ती आलीच नाहीं, असें आत्याबाईंचें ठाम म्हणणें आहे.