खडकात राहिलेलं तेल आणि आजीचा रिठा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना निसटलेले एकदोन मुद्दे इथे भरून घेतलेत.

रनाळ्याला आमच्या मळ्यात बोअरची गाडी आली होती. तीनशे फुटांपर्यंत नुसता काळा भुगा. काका वैतागून म्हणाले, "पाणी नाही तर निदान तेल तरी लागू दे. अंकलेश्वरला लागतं, आपल्याला काय झालं?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न चिकटला, कारण अंकलेश्वर इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी पकडली की निम्म्याहून जास्त वाट सरली.

अंकलेश्वरला तेल लागलं १९६० साली. नेहरूंनी त्या विहिरीला 'वसुधारा' म्हटलं. पुढे फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय शोधलं आणि १९७६ मध्ये तिथून तेल यायला लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हे क्षेत्र दिवसाला चार लाख बॅरलच्या वर देत होतं. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पाठ्यपुस्तकातही तेल 'सापडलं' की धडा संपतो.

पण जगभरचा अनुभव असा, की सापडलेल्या तेलापैकी साधारण तिसरा हिस्साच वर येतो. बाकीचं खालीच राहतं. आपण गरजेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, आणि आपलं स्वतःचं तेल, जागा माहीत असूनही, खडकात अडकलेलं असतं.

अडकतं म्हणजे काय? जमिनीखाली तेलाचा तलाव नसतो. तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजमध्ये पाणी असावं तसं. खडकातून द्रव किती सहज वाहतो हे मोजायचं एकक 'डार्सी', फ्रान्सच्या दिजॉं शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता हेन्री डार्सी याच्या नावावरून. त्याने वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम १८५६ साली मांडला. चांगला वाळूखडक एखादा डार्सी देतो. घट्ट खडक त्याच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे मिलिडार्सीच्या हिशोबात येतो. छिद्रं इतकी अरुंद झाली की तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण थेंबाला हलू देत नाही. वरून पाणी कितीही दाबा, ते सोप्या वाटेने निघून जातं.

हा ताण मोडणारी वस्तू आपण रोज हाताळतो: साबण. सरफॅक्टंट म्हणजे साबणाचंच कुळ. रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे. आणि या शास्त्राची एक सुरुवात खरोखर मोरीतूनच झाली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची आग्नेस पॉकेल्स ही घर सांभाळणारी मुलगी. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. भांडी घासताना पाण्याच्या पृष्ठावर काय होतं हे तिने पत्र्याच्या पन्हळीत मोजलं. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते 'नेचर'मध्ये छापून आणलं. (तिच्यावर एक वेगळा भाग करायचा आहे. आठवण करून द्या.)

तेलाच्या विहिरीत साबण सोडायची कल्पना अमेरिकेत १९३० च्या आसपासच कागदावर आली होती. तिला खरा जोर आला १९७३ नंतर, तेलाचे भाव चौपट झाल्यावर. मैदानी प्रयोग सुरू झाले. १९८६ मध्ये भाव कोसळले, तसे बरेचसे गुंडाळले गेले. माझ्या मते या विषयाचा अर्धा इतिहास रसायनशास्त्राचा आहे आणि अर्धा बाजारभावाचा. रसायन आज ओतायचं, तेल पुढे कधीतरी यायचं. मधल्या काळात भाव पडला की साबणाचा खर्चही निघत नाही. आमच्याकडच्या कांदेवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे ओएनजीसीने अहमदाबादजवळच्या विराज क्षेत्रात २००२ च्या सुमारास असा प्रयोग केला: पाण्यात अल्कली, सरफॅक्टंट आणि पाणी दाट करणारं पॉलिमर, तिन्ही एकत्र. पण विराजचा खडक भरपूर पाझराचा. घट्ट खडकात पॉलिमरचे लांबलचक रेणू शिरतच नाहीत, तोंडाशीच चोंदतात. तिथे एकट्या सरफॅक्टंटवर भिस्त ठेवावी लागते.

इथे एक मजेशीर पेच आहे. वाटतं, ताण जितका कमी तितकं बरं. घट्ट खडकात तसं होतंच असं नाही. कंदिलाची वात रॉकेल ओढते तसा खडक स्वतःच पाणी आत ओढतो, आणि ती ओढ त्या ताणामुळेच असते. ताण पार संपवला की ओढही गेली. म्हणून तिथे सरफॅक्टंटचं मोठं काम वेगळं: तेलाने माखलेल्या खडकाला पाण्याची आवड लावायची. चुनखडीत हे विशेष लागतं, कारण ती बरेचदा तेलालाच धरून बसते. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीतच आहे.

मग ओता की साबण! तर तिथे आमच्या विहिरीचीच अडचण. आमचं पाणी जड. उन्हाळ्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चोथा होऊन कपड्याला चिकटतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं. समुद्राचं पाणी आणि चुनखडी, दोन्हीकडे कॅल्शियम. त्यात खाली उष्णता शंभर अंशांच्या वर. शिवाय कित्येक सरफॅक्टंट खडकालाच चिकटून बसतात. महागाचं रसायन तेलापर्यंत पोचायच्या आधीच संपतं.

माझी आजी अशा वेळी साबण बाजूला ठेवून रिठे भिजत घालायची. रिठ्यातलं सॅपोनिन कॅल्शियमला जुमानत नाही, जड पाण्यातही फेसाळतं. धनबादच्या आयआयटीत रिठ्याच्या अर्कावर नेमके तेलकाढणीसाठीच प्रयोग झालेत हे वाचलं, तेव्हा मी एकटाच हसलो. प्रयोगशाळेतला खडकाचा तुकडा वेगळा आणि समुद्राखालचा वेगळा, हे खरं. तिथल्या उष्णतेत रिठा महिनोन्‌महिने टिकेल का, आणि इतका रिठा आणायचा कुठून, हे प्रश्न आहेतच.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साथीला घेतलं. नवं क्षेत्र शोधण्यासाठी नव्हे, तर पन्नास वर्षांपूर्वी सापडलेल्यातून आणखी काढण्यासाठी.

राहिला काकांचा प्रश्न. आपल्या पायाखालचा काळा पाषाण पश्चिमेला गुजरातेत खोल जातो आणि अंकलेश्वरच्या तेलाच्या थरांखाली फरशीसारखा पसरतो. तेल त्याच्या वरच्या गाळाच्या खडकांत. आपल्याकडे ते थर नाहीत, फरशीच उघडी आहे. हे काकांना सांगितलं. पण मग बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्राचंही सांगावं लागलं: तिथे याच काळ्या पाषाणाच्या भेगांत तेल मिळालंय, शेजारच्या गाळातून शिरलेलं.

काका म्हणाले, "मग अजून शंभर फूट जाऊ."