दप्तरापासून घरच्या सर्व्हरपर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील नोंदींचा ठावठिकाणा

बुलढाणा जिल्ह्याच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत राज्यकर्ते जसजसे बदलले, तसतसा येथील माणसांच्या जमिनीच्या, वारसाच्या आणि देण्याघेण्याच्या कागदांचा मुक्कामही हलत गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या कारभारातून इंग्रजांच्या हाती आला, १९०३ नंतर तो मध्य प्रांताला जोडला गेला, नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. परिणामी मेहकरच्या किंवा मलकापूरच्या एखाद्या कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हैदराबाद, अमरावती, नागपूर आणि मुंबई अशा चार ठिकाणची दारे ठोठवावी लागतात. मूळ नोंद कोणाच्या ताब्यात आहे यावर कोणी कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे हे येथे नेहमीच ठरत आले. तळहाताएवढ्या संगणकावर घरचा सर्व्हर उभारण्याची जी रीत गेल्या दशकात रूढ होऊ लागली आहे, तिच्याकडे सहसा तंत्रप्रेमींचा छंद म्हणून पाहिले जाते. या जिल्ह्यापुरते बोलायचे तर तिचे खरे स्थान दप्तराच्या इतिहासात आहे.

इंग्रजपूर्व काळात परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे, तर गावाच्या पातळीवर पाटील आणि पटवारी हे वतनदार असत. देशमुख आणि पाटील वसुलीची व बंदोबस्ताची जबाबदारी वाहत, तर देशपांडे आणि पटवारी हिशेब लिहीत. सिंदखेडच्या जाधवांकडेही देशमुखीचे वतन होते. वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे दप्तर कचेरीत न राहता वतनदाराच्या वाड्यातच राही. मोडी लिपीत लिहिलेले कागद विषयवार किंवा सालवार लावून कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधले जात आणि या गाठोड्याला रुमाल म्हणत. अशा व्यवस्थेचा गुण असा की नोंद गावातच, हाताशी असे आणि ती लिहिणाऱ्याला प्रत्येक शेताची व प्रत्येक घराची माहिती असे. तिचा दोष मात्र तितकाच मोठा होता, कारण प्रत एकच असल्याने वाडा जळाला की गावाची स्मृतीच जळे, आणि ज्याच्या घरी रुमाल त्याच्या शब्दाला आव्हान देण्याचे साधन साध्या कुणब्याजवळ नसे. नोंद घराजवळ असणे आणि नोंद आपल्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वतनी दप्तराने पुरेपूर दाखवून दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात शेतांची मोजणी करून सर्व्हे नंबर पाडले आणि नोंदींचा अधिकृत मुक्काम तहसील कचेरीत हलवला. स्वातंत्र्यानंतर वतने गेली, पटवाऱ्याच्या जागी पगारी तलाठी आला. तरी वऱ्हाडातला शेतकरी आजही त्याला पटवारीच म्हणतो. पुढचे स्थलांतर विजेच्या वेगाने झाले. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, त्यांत विदर्भातील वर्धा होता. त्याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने देशभरातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्याचे काम हाती घेतले होते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि खामगावच्या शेतकऱ्याला उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हा लाभ खराच आहे आणि तो कमी लेखू नये. परंतु पीकविम्याची मुदत संपत आली असता किंवा रेशन दुकानात अंगठा लावताना ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला नोंद दूर जाण्याची किंमतही ठाऊक आहे.

सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांनी मागितलेली माहिती किंवा सेवा पुरवणारा, सतत चालू असणारा संगणक. त्यासाठी थंड खोली आणि मोठे यंत्र लागते ही समजूत मोडण्याचे श्रेय ज्याला द्यायचे, त्या एका बोर्डवरच्या संगणकाची वंशावळ १९७६ पर्यंत मागे जाते. प्रक्रियक, स्मृती आणि जोडण्या हे सारे एकाच छापील सर्किटच्या पाटीवर बसवलेला संगणक, असा त्याचा अर्थ. त्या वर्षी अमेरिकेत ‘किम-१’ नावाचा असा बोर्ड २४५ डॉलरला विकला जाऊ लागला. त्यात स्मृती अवघी एक किलोबाइट होती. भारतीय अभियांत्रिकी शिक्षणात याच जातीचे साधन ‘८०८५ किट’ या नावाने रुळले. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले, त्या पिढीतील विद्यार्थ्यांनी देशभर ज्या किटवर धडे गिरवले त्यात कळफलक सोळा अंकांचा असे, उत्तर लाल दिव्यांच्या आकड्यांत उमटे, आणि वीज गेली की हाताने भरलेला सारा प्रोग्रॅम पुसला जाई. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रक्रियक एकमेकांना जोडूनच. एका अवाढव्य यंत्राऐवजी पुष्कळ छोट्या यंत्रांवर भरवसा ठेवण्याची ही विचारसरणी वऱ्हाडच्या मातीतल्या माणसाने देशाला दाखवावी, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

घरगुती सर्व्हरच्या दृष्टीने निर्णायक तारीख मात्र २९ फेब्रुवारी २०१२ ही आहे. शालेय मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथील संस्थेने ‘रास्पबेरी पाय’ हा बोर्ड त्या दिवशी ३५ डॉलरला विक्रीस आणला. क्रेडिट कार्डाच्या आकाराच्या या पाटीवर ७०० मेगाहर्ट्झचा प्रक्रियक आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. आरंभीच्या पिढ्या शिकण्यासाठी उत्तम असल्या तरी फाइल साठवण्याच्या कामी त्या तोकड्या पडत, आणि याचे कारण प्रक्रियकाच्या वेगापेक्षा जोडणीच्या रचनेत होते : नेटवर्कची तार आणि बाहेरची डिस्क या दोहोंचा माल एकाच यूएसबी २ मार्गावरून जाई, त्यामुळे एकाची ये-जा दुसऱ्याला अडवी. जून २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने नेटवर्कला स्वतंत्र गिगाबिट मार्ग दिला आणि डिस्कसाठी यूएसबी ३ बसवले. घरच्या सर्व्हरचा खरा आरंभ तेथून धरणे योग्य ठरेल.

अशा सर्व्हरची बांधणी पाहिली तर दप्तराची सगळी अंगे त्यात ओळखू येतात. मेमरी कार्डवर लिनक्सची डेबियनवर आधारलेली आवृत्ती उतरवतात. बोर्डला स्क्रीन वा कळफलक न लावता, घरातल्या दुसऱ्या संगणकावरून एसएसएच या सुरक्षित मार्गाने त्याला आज्ञा देतात. आणि कागदपत्रे कार्डवर न ठेवता यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर ठेवतात, कारण पुनःपुन्हा लिहिण्याने कार्ड लवकर झिजते. मग एकेक सेवा चढवली जाते. सांबा हा १९९० च्या दशकापासून चालत आलेला प्रोग्रॅम घरातल्या सर्व यंत्रांना एकच सामायिक कपाट देतो. नेक्स्टक्लाउड मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप त्या कपाटात आणून ठेवतो. जेलिफिन आजोबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण दिवाणखान्यातल्या टीव्हीवर वाजवतो. पाय-होल जाहिरातींचे पत्ते घराच्या उंबरठ्यावरच अडवतो. किविक्स इंटरनेट नसतानाही मराठी विकिपीडिया उघडून देतो. एवढ्या सेवांसाठी सरासरी पाच वॅट वीज धरली, तर महिन्याला सुमारे साडेतीन युनिट खर्च होतात; शंभर वॅटचा जुना संगणक अहोरात्र चालवल्यास तोच आकडा ७२ युनिटांवर जातो.

बुलढाणा जिल्ह्यात हे यंत्र चालवताना भूगोल आडवा येतो. येथील माणूस आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग करतो : बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. घाटाखाली मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि प्रक्रियक ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान पोचला की स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. म्हणून बंद डबीतला बोर्ड जो बुलढाण्यात निमूट चालतो, त्याला शेगावात अॅल्युमिनियमचे आवरण आणि छोटा पंखा लागतो. विजेचा प्रश्न याहून जुना आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमन आता सरले असले तरी वळवाच्या वाऱ्यात लाइन जाणे सरलेले नाही, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डवरील फाइलींची मांडणी बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरची एक तार बोर्डपर्यंत आणणे हा त्यावरचा साधा इलाज आहे. तिसरी अडचण नेटवर्कची. बहुतेक मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या मुलीला चिखलीच्या घरातील सर्व्हर थेट सापडत नाही. त्यासाठी वायरगार्डसारखा सांकेतिक बोगदा, बाहेरच्या एखाद्या पत्त्याचा आधार घेऊन, बांधावा लागतो.

या सर्व्हरने सरकारी दप्तराची जागा घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. सातबाऱ्याला कायद्याचे बळ मिळते ते शासनाच्या नोंदीमुळेच. पण घराचे म्हणून जे काही असते, म्हणजे जुनी खरेदीखते, काट्याच्या पावत्या, बचत गटाचे हिशेब, लग्नाची छायाचित्रे, ओवी म्हणणाऱ्या आजीचा आवाज, ते आज बव्हंशी परदेशी कंपन्यांच्या कपाटात, त्यांच्या अटींवर पडून आहे. वतनदाराच्या वाड्यातून कचेरीत आणि कचेरीतून दूरच्या यंत्रात गेलेल्या नोंदींच्या या लांब वाटचालीत, साध्या कुटुंबाला परवडेल अशा किमतीत स्वतःचे दप्तर स्वतः राखण्याची सोय प्रथमच झाली आहे. वतनी दप्तराचा दोष मात्र येथे पुन्हा घडू देता कामा नये : एकाच डिस्कवरची एकमेव प्रत ही जळू शकणाऱ्या वाड्यातल्या रुमालाइतकीच असुरक्षित असते. जिल्ह्यातील ज्या घरांत मोडीचे रुमाल अजून शिल्लक आहेत, त्यांनी वाळवी आणि ओल लागण्याआधी त्यांची छायाचित्रे काढावीत, एक प्रत घरच्या सर्व्हरवर ठेवावी आणि दुसरी परगावच्या नातेवाइकाकडे पाठवावी.