एकाच रंगाचे एक्का-राजा

मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला एकाच रंगाचे एक्का-राजा आले की हात शिवशिवतातच. पोकरमध्ये हुकूम नसतो, हे कळत असूनही. पण आम्हा लॉस एंजेलिसवाल्यांना हातात दोनच पानं घेऊन क्लबात बसायची मुभा फार उशिरा मिळाली. कायदा आडवा येत होता.

कॅलिफोर्नियाने 1885 साली बंदी घातलेल्या जुगारांच्या यादीत ‘स्टड-हॉर्स पोकर’ टाकला. तो नेमका कसा खेळत, हे पुढे कोर्टालाही धड ठरवता येईना. 1911 मध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल युलिसिस वेब यांनी मत दिलं की ड्रॉ पोकर, म्हणजे नको ती पानं टाकून बदली मागायचा प्रकार, कौशल्याचा खेळ आहे, त्याला बंदी लागू नाही. या पळवाटेवर आमच्याजवळचं गार्डेना हे गाव मोठं झालं. 1936 मध्ये अर्नेस्ट प्रिम यांनी तिथे पत्त्यांचा क्लब काढला आणि पुढे तिथल्या सहा क्लबांनी नगरपालिकेची तिजोरी भरली. डावाशी क्लबाचा संबंध नसे. खेळणाऱ्यांनीच पत्ते पिसायचे, वाटायचे आणि दर अर्ध्या तासाला जागेचं भाडं मोजायचं.

मी सांगलीहून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा गार्डेनाची सद्दी संपत आली होती. माझ्या टेबलावर बहुतेक आजीबाई असायच्या. चेहऱ्यावर रेष हलेल तर शपथ! हातात पाच पानं. चार बदाम जमले की पाचही बदाम करून ‘रंग’ जमवायला पाचवं टाकून एक मागायचं. न दिसलेल्या 47 पानांत बदाम नऊ, म्हणजे पाचांत एकदासुद्धा पुरतं नाही. तरी मागायच्या.

टेक्सासात तोवर दोन पानं हातात आणि पाच सामायिक असा होल्डेम रुळला होता. 1963 मध्ये कॉर्की मॅककॉर्कोडेल यांनी तो लास व्हेगासला नेला. 1976 मध्ये डेव्हिड स्क्लान्स्की यांनी पुस्तक लिहून सुरुवातीच्या पानांची गटवारी लावली. एकाच रंगाचे एक्का-राजा मोठ्या जोड्यांच्या पंक्तीला पहिल्या गटात. रंग वेगळे असले की तेच दुसऱ्या गटात. आमच्याकडे होल्डेम आला 1987 मध्ये, आणि तो स्टड-हॉर्स नव्हे, यावर अपील कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं 1990 मध्ये.

आजीबाई मग होल्डेमच्या तीन-सहा डॉलरच्या टेबलांवर आल्या, ड्रॉच्या सवयी घेऊन. पान टाकून द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. स्वस्त टेबलावर एकरंगी मोठ्या पानांना बरकत आहे ती अशाच माणसांमुळे. समजा, सात जणांनी तीन-तीन डॉलर टाकले: मध्ये 21. टेबलावर तीन पानं उघडली, त्यांत दोन बदाम. हातात बदामाचे एक्का-राजा. एकाने तीन लावले, दोघे मागे आले. आता मी तीन टाकतो ते 30 डॉलरसाठी. पाचास एक मिळाले तरी परवडलं असतं, इथे दहास एक मिळताहेत. शिवाय रंग जमलाच, तर बदामाची राणी धरून बसलेली बाई शेवटपर्यंत पैसे देते. एक्क्याचा खरा भाव हा. नुसती एक्क्याची जोडी मात्र सहा जणांपुढे सहसा तगत नाही, आणि तिच्यापायीच लोक बुडतात.

माझा एक जुना भिडू मात्र किलवरचे गुलाम-दुर्रीही खेळायचा, ‘रंग एकच आहे ना’ म्हणत. एकरंगी दोन पानांवर पहिल्या तीन पानांतच पूर्ण रंग जमतो तो साधारण 120 डावांत एकदा. त्यातही पुढे किलवरचा एक्का कुणाकडे आहे, ते कळेपर्यंत याच्या चिप्स गेलेल्या. आणि जिंकला तरी पूर्ण डाव हाती येत नसे: अर्ध्या तासाचं भाडं एव्हाना इतिहासजमा झालं होतं. या टेबलांवर क्लबाचा माणूस पत्ते वाटायचा आणि प्रत्येक डावातून क्लबाचा वाटा आधी काढून घ्यायचा.