बर्फावरून गेलेले तेल

अलास्का नावाचा मुलूख अमेरिकेने १८६७ साली रशियाच्या झारकडून ७२ लाख डॉलर मोजून विकत घेतला, तेव्हा अनेक शहाण्यांनी परराष्ट्रमंत्री सीवर्डची यथेच्छ टिंगल केली. बर्फ आणि अस्वले यांवर सरकारी पैसा उधळणारा हा कोण कारभारी, असा एकंदर सूर होता. पुढे बरोबर १०२ वर्षांनी, १९६९ च्या सप्टेंबरात, त्याच मुलखाच्या उत्तर टोकाकडल्या ओसाड जमिनीत तेल काढण्याच्या हक्कांचा लिलाव अँकरेज शहरी झाला आणि एका दिवसात ९० कोटी डॉलर सरकारच्या पदरात पडले. सीवर्ड हयात असता तर त्याने त्या टिंगलखोरांच्या नातवंडांना पेढे वाटले असते.

आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, प्रुढो बे या ध्रुवसमुद्राकाठच्या जागी अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला होता. पण तेल सापडणे वेगळे आणि ते गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवणे वेगळे. वर समुद्र, तो वर्षातले बहुतेक महिने गोठलेला. कंपन्यांनी १९६९ साली ‘मॅनहॅटन’ नावाचे एक अगडबंब तेलवाहू जहाज पोलादाने मढवून बर्फ फोडत त्या वाटेने पाठवून पाहिले. ते मध्येच अडकले, कॅनडाच्या बर्फफोड्या जहाजाने त्याला सोडवले, आणि परतताना त्याने नमुन्यादाखल तेलाचे एक पिंप आणले. हे जगातले सर्वांत महागडे पिंप ठरावे! तेव्हा ठरले ते असे, की प्रुढो बेपासून दक्षिणेच्या व्हॅल्डीझ बंदरापर्यंत, जिथे समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही, ८०० मैलांचा नळ घालावा. वाटेत तीन पर्वतरांगा, युकॉनसारखी महानदी आणि भूकंपाचा पट्टा. चार फूट व्यासाचे पोलादी नळ जपानहून मागवलेही गेले. खर्चाचा अंदाज ९० कोटी डॉलर. दोनचार वर्षांत काम उरकेल असा हिशेब होता.

हा हिशेब चुकवला तो जमिनीने. त्या प्रदेशातली माती वरवर हात-दोन हात उन्हाळ्यात सैल होते, पण तिच्याखाली शेकडो फूट बारमाही गोठलेली असते. तिच्यात माती कमी आणि बर्फ जास्त अशाही जागा आहेत. खोल विहिरीतून येणारे तेल मात्र चांगले कढत. दिवाळीच्या कढईइतके नव्हे, पण चहाच्या आधणाच्या जवळपास जाणारे. कंपन्यांचा बेत होता हा कढत नळ सरळ जमिनीत पुरून टाकण्याचा. सरकारी भूगर्भखात्यातल्या आर्थर लाखेनब्रुख या शास्त्रज्ञाने १९७० साली गणित मांडून दाखवले, की ८० अंश सेल्सिअसच्या तेलाचा चार फुटी नळ सहा फूट खोल पुरला तर थोड्याच वर्षांत त्याच्याभोवतीची वीस ते तीस फूट व्यासाची जमीन वितळेल. मग उतारावर तो सगळा चिखल ओघळू लागेल, आधार गेलेला नळ लोंबकळेल आणि एखादे दिवशी मोडेल. हे गणित काही कोण्या निसर्गवेड्या कवीचे नव्हते, म्हणून ते झटकून टाकता आले नाही.

इकडे १९७० च्या १ जानेवारीला अध्यक्ष निक्सन यांनी पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही केली होती. मोठ्या सरकारी कामाला हात घालण्याआधी त्याचे निसर्गावर काय परिणाम होतील आणि दुसरा मार्ग कोणता, हे लिहून काढलेच पाहिजे, असा त्याचा आशय. गृहखात्याने आठ पानांत हे कर्तव्य आटोपले. (आमच्याकडच्या ग्रामपंचायतीचा विहिरीचा अहवालही याहून जाड असतो.) निसर्गरक्षक संस्था आणि युकॉनकाठचे आदिवासी कोर्टात गेले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यायाधीश जॉर्ज हार्ट यांनी मनाई दिली. मागाहून दक्षिण किनाऱ्यावरच्या कॉर्डोव्हा गावचे मासेमारही दाव्यात सामील झाले. जपानचे नळ व्हॅल्डीझला थप्प्या लावून पडून राहिले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. नळवाले म्हणत, देशाची तेलाची भूक वाढते आहे, घरचे तेल संपत चालले आहे, परक्यापुढे हात पसरायचे की आपल्या अंगणातले उकरायचे? अलास्काचे नेते म्हणत, आमच्याकडे ना शेती ना कारखाने, शाळा आणि रस्ते कशातून काढू? याला विरोध करणारे सगळेच हरणांसाठी रडत नव्हते. काही अर्थशास्त्रज्ञांचा सवाल असा, की तेलाची टंचाई आहे मध्य अमेरिकेत आणि तुम्ही ते नेऊन ओतता पश्चिम किनाऱ्यावर. मग कॅनडातून मॅकेन्झी नदीच्या खोऱ्याने शिकागोकडे नळ का नेत नाही? तसे केले तर भूकंपाचा पट्टाही टळतो आणि समुद्रप्रवासही. मला हा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि त्याला धड उत्तर मिळालेच नाही. कॅनडाच्या वाटेला वेळ लागेल, एवढेच पालुपद.

आदिवासींचा दावा १९७१ अखेर तडजोडीने मिटला. त्यांच्या वाट्याला ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर आले. १९७२ साली सरकारने नवा अहवाल काढला, तो नऊ खंडांचा. आणि १९७३ च्या फेब्रुवारीत वरच्या कोर्टाने निकाल दिला तो भलत्याच मुद्द्यावर! १९२० च्या एका कायद्याप्रमाणे नळाच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस फुटांहून जास्त सरकारी जमीन देता येत नव्हती आणि बांधकामाच्या यंत्रांना तेवढी पुरत नव्हती. हरिण, मासे, बर्फ सगळे बाजूला राहिले, आणि एवढा मोठा प्रकल्प पंचवीस फुटांवर अडला.

मग प्रश्न संसदेत गेला. १७ जुलै १९७३ रोजी सिनेटमध्ये एक दुरुस्ती आली, की पर्यावरण कायद्याची पूर्तता झाली असे समजावे आणि कोर्टांनी यापुढे त्यात पडू नये. मते पडली ४९ विरुद्ध ४९. उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी आपले मत टाकून पारडे झुकवले. तीनच महिन्यांनी अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले. आपल्याकडच्या रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. नोव्हेंबरात सिनेटने अंतिम विधेयक ८० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केले. रिकाम्या पंपापुढे उभ्या माणसाला मॅकेन्झीचे खोरे कोण समजावणार?

१९७५ च्या मार्चमध्ये पहिला नळ टाकला गेला आणि २० जून १९७७ रोजी तेल सुटले. खर्च ८०० कोटी डॉलर झाला, आणि कामावर ३२ माणसे दगावली. पण हा नळ पूर्वीचा राहिला नव्हता. सुमारे ४२० मैल तो खांबांवर उचलून नेला होता. हजारो खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या बसवल्या. हिवाळ्यात खालच्या उबेने अमोनियाची वाफ होऊन वर चढते, थंड हवेत पुन्हा पाणी होऊन खाली उतरते, आणि अशी जमिनीतली ऊब उपसली जाते. ना विजेची गरज, ना इंजिनाची! भूकंपाच्या भेगेवर नळ रुळांवर सरकेल असा ठेवला. ३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथे ७.९ प्रतीचा भूकंप झाला, जमीन चौदा फूट सरकली, नळही सरकला, पण फुटला नाही. कोर्टबाजीत गेलेल्या चार वर्षांना कंपन्यांनी शिव्या दिल्या. हा नळ शाबूत राहिला त्यात त्या चार वर्षांचा वाटा थोडाथोडका नाही.

कॅरिबू हरणांचे काय, असे बालवाचक विचारतील. नळाजवळचा त्यांचा एक कळप सत्तरीच्या दशकात सुमारे पाच हजारांचा होता, तो २०१० पर्यंत सत्तर हजारांच्या घरात गेला. पुढे सहा वर्षांत बावीस हजारांवर आला. नळाने हरणे मेली हेही खरे नाही आणि नळामुळे वाढली हेही नाही. पिल्ले असलेल्या माद्या मात्र रस्त्यांपासून दूर राहतात, असे निरीक्षकांना दिसले.

घात झाला तो समुद्रात. सरकारने दुहेरी तळाच्या जहाजांचे आश्वासन दिले होते. तशी सक्ती झाली नाही. २४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर व्हॅल्डीझहून निघालेले ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ जहाज ब्लाय खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल पाण्यात गेले. तेराशे मैल किनारा माखला, लक्षावधी समुद्रपक्षी मेले. कॉर्डोव्हाच्या मासेमारांनी अठरा वर्षांपूर्वी नेमकी हीच भीती कोर्टात सांगितली होती. त्यांची हेरिंग मासळी १९९३ साली कोसळली ती अजून पूर्ववत झालेली नाही. दुहेरी जहाजांचा कायदा १९९० साली आला.

अलास्काने तेलाच्या पैशातून १९७६ साली एक कायमचा निधी उभारला. १९८२ साली प्रत्येक रहिवाशाला, अगदी तान्ह्या मुलालासुद्धा, त्यातून हजार डॉलर मिळाले आणि ती वार्षिक ओवाळणी पुढेही चालू राहिली. तेल मात्र आटत गेले. १९८८ साली नळातून रोज वीस लाख पिंपे वाहत, आता त्याच्या चौथाईहूनही कमी. थोडे तेल संथ वाहते, वाटेत निवते, आणि एकेकाळी ज्याच्या उष्णतेची धास्ती होती त्याच तेलाला आता हिवाळ्यात गरम ठेवावे लागते. जमीन मात्र जगाच्या वाढत्या उष्म्याने आपली आपणच वितळू लागली आहे. २०२१ साली फेअरबँक्सच्या बाजूला एका उतारावर नळाचे काही खांब कलल्याचे आढळले. कंपनीने तिथली माती पुन्हा गोठवण्यासाठी शंभरेक नव्या थंड नळ्या जमिनीत उभ्या केल्या.