कॅम्परवाहू पिकअपच्या टायरमधील हवेचा दाब

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसविता व उतरविता येणाऱ्या निवासी कप्प्याला कॅम्पर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे त्याचा प्रसार मोठा आहे. बिछाना, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी असा सगळा संसार हौद्यावर येत असल्याने मागच्या एक्सलवर प्रवासभर मोठा भार राहतो; माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीसारखी उसंत टायरला मिळत नाही. दाब कमी पडला, तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, टायर तापतो आणि थर सुटून तो फुटू शकतो. दाब वाजवीपेक्षा जास्त असल्यास टायर मध्यभागी झिजतो व ओल्या रस्त्यावर पकड घटते.

दाब ठरविण्याची रीत : टायरवर छापलेला दाब कमाल भारासाठीचा असतो, तर चालकाच्या दाराशेजारील पट्टीवरचा दाब वाहननिर्मात्याने सुचविलेला असतो. दोन्ही आकडे प्रत्यक्ष वजनाविषयी काही सांगत नाहीत. वजनकाट्याला पर्याय नाही. पाणी, इंधन, सामान व माणसे यांसह गाडी काट्यावर घेऊन दोन्ही एक्सलचे वजन वेगवेगळे घेतात. अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रक-थांब्यांवर अशी सोय असते. एक्सलच्या वजनाला टायरांच्या संख्येने भागून येणारा भार पेलण्यास किती दाब लागतो, ते भार-दाब कोष्टकात पाहतात. अशी कोष्टके ‘टायर अँड रिम असोसिएशन’ प्रसिद्ध करते. एलटी २४५/७५ आर १६ या मापाचा, ‘ई’ भारश्रेणीचा टायर ५० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड) २,२०५, ६५ला २,६२३ आणि ८०ला ३,०४२ पौंड (सु. १,३८० किग्रॅ.) पेलतो. मागच्या एक्सलवर ५,५०० पौंड भरले, तर प्रत्येक टायरवर २,७५० पौंड येतात. कोष्टकात ७० पीएसआयला २,७६५ पौंड आहेत, म्हणजे शिल्लक अवघी १५ पौंडांची. फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला असली, तर तीही उरत नाही. म्हणून ७५ पीएसआय भरणे शहाणपणाचे. याच गाडीच्या पुढच्या एक्सलवर ४,२०० पौंड असतील, तर तेथे ५० पीएसआय पुरतात. चारही टायरांत सारखीच हवा भरण्याची सवय येथे चुकीची ठरते.

दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजतात. तापमान १० अंश फॅरनहाइटने बदलल्यास दाब सु. २ टक्क्यांनी बदलतो. धावून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब काढून टाकू नये.

मागे जोडटायर (प्रत्येक बाजूला दोन) असल्यास : प्रत्येक टायरची क्षमता कमी धरतात, वरील मापात ८० पीएसआयला २,७७८ पौंड.

इतिहास : लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६०मध्ये पाऊण टनी जीएमसी पिकअपवर कॅम्पर चढवून अमेरिकेची सफर केली. गाडीचे नाव त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवले. ट्रॅव्हल्स विथ चार्ली (१९६२) या प्रवासवर्णनात ओरेगनमध्ये भर पावसात टायर फुटल्याचा आणि जड भाराचे टायर मिळविण्यासाठी झालेल्या खटपटीचा प्रसंग आहे. पुस्तकातील तपशील कितपत काटेकोर आहेत, याविषयी दुमत आहे. गाडी कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथील स्टाइनबेक केंद्रात जतन केलेली आहे.

कायदा : फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर २०००मध्ये अमेरिकेत टायर-सुरक्षेविषयीचा ‘ट्रेड’ (TREAD) कायदा झाला. त्या प्रकरणात फोर्डने सुचविलेला २६ पीएसआय दाब पुरेसा होता की नाही, यावर दोन्ही कंपन्यांत वाद होता. या कायद्यानुसार पुढे १०,००० पौंडांपर्यंतच्या हलक्या वाहनांना दाबदर्शक यंत्रणा सक्तीची झाली. दाब पट्टीवरील आकड्यापेक्षा २५ टक्के घटला की ती इशारा देते. पट्टीवर ५५ आणि भारानुसार हवेत ७५, अशी स्थिती असल्यास हा इशारा फार उशिरा मिळतो. मोठे कॅम्पर वाहणारे अनेक पिकअप १०,००० पौंडांच्या मर्यादेबाहेरच आहेत.

मतभेद : कॅम्पर उतरविल्यावर कोष्टकानुसार दाब घटवावा की पट्टीवरचा आकडा किमान मानावा, याबद्दल एकमत नाही.

पूरक स्प्रिंग व हवेच्या पिशव्या : गाडीचा मागचा भाग यांनी उचलला जातो, टायरची क्षमता वाढत नाही.